मर्जीविरुद्ध दाखल करायची वेळ आली तर

‘मला काही झालेलं नाही. मी कुठेही येणार नाही.’ मानसिक आजार विकोपाला गेलेल्या घरातली सगळी कोंडी या दोन वाक्यांत असते. स्किझोफ्रेनियात किंवा बायपोलर आजाराच्या उन्मादात आपण आजारी आहोत ही जाणीवच पुष्कळदा उरत नाही. तो हट्ट नसतो, आजाराचंच लक्षण असतं. मग काही घरं महिनोन्महिने ‘होईल ठीक’ म्हणत पत्रिका, अंगारे, बाहेरची बाधा असं सगळं करून पाहतात. काही घरं एका रात्री चार माणसं गोळा करून, हातपाय धरून, गाडीत घालतात. बऱ्याच घरांत आधी पहिलं होतं आणि मग दुसरं.

भारतात अशा वेळी काय करता येतं आणि काय नाही, हे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ठरवतो. तो २०१८ पासून लागू आहे. डॉक्टरांना तो माहीत असतो. ज्यांच्या घरात प्रसंग येतो त्यांना मात्र तो रुग्णालयाच्या काउंटरवर पहिल्यांदा कळतो, म्हणजे डोकं सगळ्यात कमी चालत असतं तेव्हा.

नुसत्या घरच्यांच्या सहीने होत नाही

इंग्रजांच्या काळातला १९१२ चा ल्युनसी ॲक्ट स्वातंत्र्यानंतरही चार दशकं चालला. त्याच्या जागी १९८७ चा कायदा आला. त्यात नातेवाइकांचा अर्ज आणि डॉक्टरांचे दोन दाखले यांवर ९० दिवसांपर्यंत दाखल करता येई, त्यापुढे मॅजिस्ट्रेटचा आदेश लागे. दोन्ही कायद्यांत रुग्ण म्हणजे ज्याच्याविषयी इतरांनी ठरवायचं तो.

२०१७ च्या कायद्याने सुरुवातच उलट टोकाकडून केली. मानसिक आजार असलेली व्यक्ती स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेऊ शकते, असंच आधी धरून चालायचं. शक्य तितके रुग्ण स्वतःच्या सहीने दाखल व्हावेत आणि त्यांना घरी जायचं असेल तेव्हा जाता यावं, हा नियम. मर्जीविरुद्ध दाखल करणं हा अपवाद. कायद्याच्या ८९ व्या कलमात त्याला ‘सपोर्टेड ॲडमिशन’ म्हटलं आहे.

हा अपवाद वापरायचा तर दोघांनी त्या व्यक्तीला वेगवेगळं तपासावं लागतं. त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा, दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला व्यावसायिक किंवा साधा डॉक्टरही चालतो. तालुक्याच्या गावी ही सोय मोलाची आहे, कारण तिथे एक मानसोपचारतज्ज्ञ मिळणंच मुश्किल असतं. तपासणी दाखल करण्याच्या दिवशीची किंवा आधीच्या सात दिवसांतली असली पाहिजे. आजार इतका तीव्र असावा लागतो, की अलीकडे त्या माणसाने स्वतःला इजा करण्याची धमकी दिली किंवा प्रयत्न केला, किंवा तो दुसऱ्यावर धावून गेला, दुसऱ्याला त्याच्यापासून इजेची धास्ती वाटली, किंवा तो स्वतःची काळजी घेण्याच्या पलीकडे गेला आणि त्यातून त्याला इजेचा धोका आहे. या तिन्हींपैकी एक तरी गोष्ट हवी. शिवाय त्या घडीला स्वतःचा निर्णय स्वतः घेणं त्याला जमत नाही, आणि दाखल करण्याहून सौम्य उपाय उरलेला नाही, हेही दिसलं पाहिजे.

म्हणजे नोकरी सोडली, रात्रभर जागतो, एकटाच बडबडतो, घरच्यांना नको त्या मुलीशी लग्न करायचं म्हणतो, एवढ्यावर कुणाला आत ठेवता येत नाही. समाजाच्या किंवा घराच्या चालीरीतींत न बसणं हा मानसिक आजाराचा पुरावा नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. वाटणीच्या भांडणात भावाला आणि काडीमोडाच्या आधी बायकोला ‘वेडं’ ठरवण्याचे प्रकार आपल्याकडे कमी झालेले नाहीत, तेव्हा हे लिहावं लागलं यात नवल नाही.

अर्ज करतो तो ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’. ही व्यक्ती कोण असावी हे रुग्ण बरा असताना साध्या कागदावर लिहून, सही करून ठरवू शकतो. सख्ख्या भावाऐवजी मित्राचं नाव लिहिलं तरी चालतं. तसं काही लिहिलेलं नसेल तर नातेवाईक आणि नातेवाईक नसेल तर सांभाळ करणारी व्यक्ती हे काम करते.

मुदत ३० दिवसांची. दर सात दिवसांनी रुग्णाची निर्णयक्षमता परत तपासायची, आणि ती आली की तो स्वतःच्या मर्जीचा रुग्ण होतो. रुग्णालयाने दाखल केल्याची खबर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत द्यायची, स्त्री असेल तर तीन दिवसांत. मंडळाचा अध्यक्ष न्यायाधीशाच्या दर्जाचा असतो. सदस्यांत डॉक्टर असतात, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो आणि हा आजार स्वतः भोगलेल्यांपैकी किंवा अशांचा सांभाळ करणाऱ्यांपैकीही माणसं असतात. ‘मला चुकीने ठेवलंय’ असा अर्ज रुग्ण थेट या मंडळाकडे करू शकतो, आणि मंडळाने सात दिवसांत तो पाहायचा असतो. ३० दिवसांपुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांचं मत आणि मंडळाची मंजुरी लागते.

आधी शरीर तपासा

सत्तरीच्या आजोबांना कालपर्यंत सगळं समजत होतं आणि आज संध्याकाळपासून ते मुलीला ओळखत नाहीत, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात. हा बहुतेक वेळा मनोरुग्णालयाचा मामला नसतो. सोडियम उतरलेलं असतं, लघवीचा संसर्ग झालेला असतो, साखर खाली गेलेली असते, किंवा नव्या गोळ्या बाधलेल्या असतात. आधी साध्या रुग्णालयात नेऊन रक्त-लघवी तपासायची.

दारूचंही तसंच. रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, कधी फिट येते. लोक म्हणतात, ‘दारू सोडली आणि डोक्यावर परिणाम झाला.’ हा प्रकार जीव घेऊ शकतो. अशा माणसाला खोलीत कोंडून ‘उतरू दे’ म्हणत बसू नये.

घरात, त्या वेळी

भ्रमाशी वाद घालायचा नाही आणि भ्रमात सामीलही व्हायचं नाही. ऐकायला सोपं आहे. समजा धाकटा भाऊ म्हणतो, ‘वरच्या मजल्यावरचे माझं बोलणं रेकॉर्ड करतात, भिंतीत मशीन आहे.’ मोठी बहीण पहिल्या दिवशी समजावते, दुसऱ्या दिवशी भिंतीवर ठोकून दाखवते, तिसऱ्या दिवशी ओरडते. भाऊ त्यातून एवढंच शिकतो, की ताईसुद्धा त्यांना मिळालेली आहे. त्याऐवजी ती म्हणू शकते, ‘मला तो आवाज येत नाही रे. पण तू चार रात्री झोपला नाहीस, घाबरलायस, हे मला दिसतंय. झोप येण्यासाठी डॉक्टरांना भेटू या का?’ मशीनवर एकमत होणार नाही. झोपेवर होऊ शकतं. उन्मादातल्या किंवा संशयाने पछाडलेल्या माणसालाही आपली झोप उडाल्याचं बरेचदा कबूल असतं, आणि झोपेसाठी म्हणून तो स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येतो. बळजबरीने दाखल करण्याचे किती तरी प्रसंग इथेच टळू शकतात.

बोलणारा एकच असावा. मामा, काका, शेजारचे पाटील आणि सोसायटीचा सेक्रेटरी यांनी एकदम गराडा घातला, की ज्याला आधीच सगळे आपल्यावर टपलेत असं वाटतंय त्याला पुरावाच मिळतो. आवाज खाली ठेवायचा, दाराची वाट अडवायची नाही, टीव्ही बंद करायचा. लहान मुलांना शेजारी पाठवायचं. विळी, कोयता, साठवलेल्या गोळ्या आणि शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध, या वस्तू आधीच, गाजावाजा न करता, कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी गेल्या पाहिजेत.

‘जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?’ हा प्रश्न सरळ विचारावा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही. प्रयत्न झालाच असेल, तर कोणतं औषध पोटात गेलं ते डॉक्टरांना खरं सांगायचं. पोलीस केसच्या भीतीने ‘चुकून घेतलं’ सांगितलं जातं आणि पुढचे उपचार चुकतात. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या दंडसंहितेचं ३०९ कलम भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानसिक आरोग्य कायदा धरून चालतो, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. रुग्णालय पोलिसांना कळवतं, ती नोंद होऊ द्यावी.

सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा फोन रुग्णासाठी जितका आहे तितकाच हात टेकलेल्या घरच्यांसाठीही आहे.

न्यायचं कसं

इथे कायदा तोकडा पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यावर काय करायचं याचे बारीकसारीक नियम आहेत. चौथ्या मजल्यावरच्या बंद खोलीतून त्या दारापर्यंत माणूस कोणी आणि कसा आणायचा, हे बहुतांशी घरच्यांच्या नशिबावर सोडलेलं आहे. शारीरिक आजाराच्या रुग्णाला मिळते तशीच रुग्णवाहिका मानसिक रुग्णाला मिळण्याचा हक्क कायद्यात आहे. प्रत्यक्षात ‘आधी पोलीस बोलवा’ हे उत्तर ऐकलेली घरं पुष्कळ आहेत.

पोलिसांचं काम कायद्याने ठरवून दिलं आहे. मोकाट फिरणारी, स्वतःला सांभाळू न शकणारी किंवा धोकादायक ठरू शकेल अशी आजारी व्यक्ती दिसली, तर तिला संरक्षणात घ्यायचं आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. घरातच कुणाला डांबून ठेवलंय, छळ चाललाय, अशी खबर मिळाली तर पोलीस मॅजिस्ट्रेटला कळवतात. मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी दहा दिवसांपर्यंत दाखल करण्याचा आदेश देऊ शकतो. धोका अगदी समोर असेल तर ११२ वर फोन करताना ‘माणूस आजारी आहे, गुन्हेगार नाही, औषधं चालू होती’ हे पहिल्या वाक्यात सांगावं. आलेल्या हवालदाराची वागणूक त्याने बदलू शकते.

तातडीच्या वेळी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर घरी येऊनही शांत करणारं इंजेक्शन देऊ शकतो. जीव जाण्याचा, गंभीर इजेचा धोका टाळण्यापुरतं आणि ७२ तासांच्या मर्यादेत याला ९४ व्या कलमात मुभा आहे, आणि प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची असते. ओळखीच्या फॅमिली डॉक्टरला हे कलम माहीत नसेल तर सांगायला हरकत नाही.

राहिला फसवून नेण्याचा मार्ग. ‘शिर्डीला जाऊन येऊ’ म्हणून गाडीत बसवायचं आणि गाडी मनोरुग्णालयाच्या फाटकातून आत घ्यायची, हे इतकं सर्रास चालतं की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. माणूस पोहोचतो हे खरं. पण आपल्याविरुद्ध कट शिजतोय असं ज्याला वाटत होतं, त्याच्याविरुद्ध आता खरोखर एक कट झालेला असतो, तोही आईच्या हातून. आमटीत गोळी कुटून घालण्याचंही असंच. ज्या दिवशी ते कळतं त्या दिवसापासून तो घरचं जेवत नाही. ‘तुला आवडणार नाही, पण आम्ही आज तुला डॉक्टरांकडे नेणार आहोत’ असं सांगून चार माणसांनी नेलं, तरी ते पुढे माफ होण्याची शक्यता जास्त.

आणि रात्री-अपरात्री जीप घेऊन येणारी, ‘आम्ही उचलून नेतो, तुम्ही फक्त पैसे भरा’ म्हणणारी काही व्यसनमुक्ती केंद्रं असतात, त्यांच्यापासून लांब राहावं. दारू आणि ड्रग्जमुळे होणारे विकार याच कायद्यात येतात. नोंदणी नसलेल्या जागी कुणाला डांबणं बेकायदा आहे, मग कागदावर बापाची सही असली तरी. तमिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ ला दर्ग्याजवळच्या अशाच एका खासगी ‘आश्रमा’ला आग लागली. माणसं साखळ्यांनी जखडलेली होती, त्यांना पळता आलं नाही. २८ जणांचा जीव गेला. त्यांना तिथे आणून सोडलं होतं ते त्यांच्या घरच्यांनीच.

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही मानसोपचार विभाग असतो, आणि पहिल्याच खेपेला तिथे जाणं घरच्यांना कमी जड जातं.

डॉक्टरांसमोर

‘वेड्यासारखं करतो’ हे सांगून उपयोग नसतो. ‘सोमवारपासून झोपला नाही, बुधवारी गॅस सुरू ठेवून दार लावून घेतलं, काल आईच्या अंगावर स्टूल घेऊन धावला’ हे उपयोगी पडतं, कारण तपासणाऱ्या दोघांना कायद्यातल्या अटी अशाच घटनांवरून तपासायच्या असतात. तारीख, वेळ, काय झालं, एवढं एका कागदावर उतरवून न्यावं. जुनी प्रिस्क्रिप्शनं, मागच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि घरात सापडतील त्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकाव्यात. अर्धवट संपलेली पट्टीही न्यावी. औषध कधीपासून बंद आहे हे तिच्यावरून लगेच कळतं.

कपड्यांचं आधी कुणी सांगत नाही. वॉर्डच्या दाराशी सामान तपासतात आणि पट्टा, ओढणी, दाढीचं ब्लेड, चार्जरची वायर, बुटाची लेस बाजूला काढतात. पायजम्याची नाडीसुद्धा ओढून काढतात. मग सुशिक्षित, चाळिशीचा माणूस एका हाताने पायजमा धरून आत जातो आणि बाहेर उभ्या बायकोचा बांध तिथे फुटतो. इलॅस्टिकच्या दोन पँटी नेल्या तर हा एक अपमान तरी वाचतो.

आत

पहिले दोन-तीन दिवस बहुतेक झोपेत जातात. औषधांनी खवळलेपण लवकर उतरतं, पण भ्रम आणि आवाज कमी व्हायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी भेटायला जाऊन ‘अजून तसंच बोलतोय’ म्हणून निराश होण्याचं कारण नाही.

विजेचे शॉक म्हणजे इसीटी. सिनेमांनी त्याची दहशत घातलेली आहे. आता भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय इसीटी देण्यावर बंदी आहे, आणि तातडीचा उपचार म्हणूनही ती देता येत नाही. जेवणखाण सोडलेल्या, आत्महत्येच्या काठावर असलेल्या तीव्र नैराश्यात ती फार गुणकारी ठरते, तेव्हा डॉक्टरांनी सुचवलं तर घाबरून नाही म्हणू नये. प्रश्न मात्र जरूर विचारावेत.

साखळीने बांधणं पूर्ण बंद. हात-पाय बांधायची वेळ आलीच तर दुसरा उपाय नसताना, गरजेपुरतं, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करून. २४ तासांत प्रतिनिधीला कळवलं पाहिजे. सक्तीने मुंडण करता येत नाही. स्वतःचे कपडे घालण्याचा, भेटायला आलेल्यांना भेटण्याचा किंवा नकार देण्याचा, फोनचा हक्क रुग्णाला आहे. तो तुम्हाला भेटायला नकार देऊ शकतो, हे पचवायला जड जातं. तरी डबा घेऊन जावं आणि निरोप ठेवून यावं.

‘शिक्का बसला का?’

कायद्याने नाही. दाखल झाल्याने किंवा आजाराचं निदान झाल्याने कुणी आपोआप ‘मनोविकल’ ठरत नाही, ते फक्त सक्षम न्यायालय ठरवू शकतं. आजाराची माहिती गोपनीय ठेवणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने सोय द्यावी लागते. क्लेम नाकारला तर २१ व्या कलमाचा हवाला देऊन लेखी उत्तर मागावं. सोयरिकीच्या बैठकीत काय होतं त्यावर कायद्याचा इलाज नाही.

घरी आल्यावर

डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात जोखमीचे असतात, हे जगभर दिसून आलं आहे. घरचे नेमके याच वेळी सैल पडतात, कारण ‘सुटलो एकदाचे’ अशी भावना असते. पहिली फेरतपासणी आठवड्याभरातली ठरवूनच बाहेर पडावं.

राग येईलच. ‘तू मला आत टाकलंस’ हे वाक्य वर्षभर ऐकावं लागू शकतं. ‘तुझ्या भल्यासाठीच’ हे उत्तर खरं असलं तरी चालत नाही. ‘तुला तिथे काय काय सहन करावं लागलं?’ असं विचारून गप्प ऐकणं जास्त चालतं. आणि तिथे खरंच वाईट वागणूक मिळाली असेल, तर तक्रार लिहायला त्याला मदत करावी.

सांभाळणाऱ्यांनाही कुणीतरी लागतं. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरीला प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा चित्रपटही त्यांच्याच पुढाकारातून झाला. त्यात आजारी भावाइतकीच त्याची बहीण महत्त्वाची आहे. अशा संस्थांच्या स्वमदत गटात बसलं, की आमटीतल्या गोळीची गोष्ट आपल्या एकट्याच्याच घरातली नाही, हे पहिल्याच बैठकीत कळतं.

माणूस बरा, शांत, कामाला लागलेला असेल तेव्हा एक कागद करून ठेवावा. कायद्यात त्याला आगाऊ निर्देश म्हणतात. पुन्हा तशी वेळ आली तर कोणते उपचार चालतील, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलायचं, हे तो स्वतः त्यात लिहितो. दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन तो मंडळाकडे नोंदवायचा. अमुक औषधाने जबडा आखडला होता, ते नको. येरवड्याला न नेता अमुक रुग्णालयात न्यावं. थोरल्या भावाला कळवू नये, मित्राला कळवावं. इतकं बारीक लिहिलं तरी चालतं. निर्देश कितीही वेळा बदलता येतो. तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही, आणि एखादी सूचना अगदीच अव्यवहार्य असेल तर घरचे किंवा डॉक्टर मंडळाकडे जाऊ शकतात. एक झेरॉक्स रुग्णाच्या फाइलला लावावी, एक प्रतिनिधीकडे द्यावी आणि कागदाचा फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्यावा, कारण दाखल करायची वेळ बहुधा रात्रीच येते आणि कपाटाची किल्ली रुग्णाकडेच असते.